एकतीस किलो

काट्यावर झेन चढली, आकडा जरा थरथरला आणि सहाशे एकोणनव्वदवर येऊन थांबला. तपासणीच्या साहेबांनी आधी आकड्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगमागे बसलेल्या तनयाकडे बघितलं आणि मान हलवली. या वर्गातल्या गाडीचं वजन चालकासकट कमीत कमी सातशे वीस किलो लागायचं. त्यात एकतीस किलो कमी पडत होते.

"बाकीचे चालक सत्तर-ऐंशी किलोचे आहेत," साहेब म्हणाले. ते पुण्याहून आले होते आणि उन्हाने त्यांची मान भाजून निघाली होती. "तुमचं वजन किती?"

"शेहेचाळीस," तनया म्हणाली.

"मग कमी कुठे पडतंय ते कळलं. एक वाजेपर्यंत वेळ आहे, गाडीत वजन टाकून आणा. आणि घट्ट टाका. पिशव्या, गोणी काही चालणार नाही. बोल्ट मारून बसवा."

गोकुळदास शेजारीच उभा होता. त्याला साहेबांचा रागच आला. मुलगी शेहेचाळीस किलोची आहे यात तिचा काय गुन्हा? लहानपणी तिच्यामागे ताट घेऊन धावता धावता घरातल्यांचे पाय दुखले, पण पोरगी अंग धरायचं नाव घेईना. आणि आता तेवीस वर्षांची झाल्यावर कोणीतरी पुण्याहून येऊन तिला ती वजनात कमी आहे म्हणून सांगावं!

तनया त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. तो भाऊ, कृष्णनाथ, सोळा वर्षांपूर्वी मांडवी नदीत खनिज वाहणारी बार्ज कलंडून गेला. त्याच बार्जवर गोकुळदासही होता, तो वाचला. तेव्हापासून आमोणं गावातल्या त्यांच्या घरात तनयाचा बाप म्हणून जे काही करायचं ते गोकुळदासनेच केलं. स्वतःचं लग्न केलं नाही. गाव त्याचं तोंडभरून कौतुक करायचं, आणि कौतुक सुरू झालं की हा माणूस उठून चालू लागायचा. लोक म्हणायचे, काय तरी साधा माणूस. तो साधा का आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खाणी बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. जिथे एकामागे एक खनिजाचे ट्रक धुरळा उडवत जायचे तो डिचोलीकडचा रस्ता आता ओस पडला होता. रुंद, सरळसोट आणि रिकामा. बाहेरच्या एका मोटार क्लबाला तो बघताक्षणी आवडला आणि त्यांनी तिथे शर्यत ठेवली. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि चारशे मीटरवरच्या रेषेपर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. पंधरा सेकंदांचा खेळ. रेषेच्या पुढे थांबायला जागा होती, आणि त्या जागेच्या डाव्या हाताला सोडून दिलेल्या खाणीचा खड्डा, काठोकाठ हिरव्या पाण्याने भरलेला. मध्ये टायर रचून ठेवले होते.

या पंधरा सेकंदांसाठी तनयाने दोन वर्षं घातली होती. सर्वण गावी सगुणच्या गॅरेजमध्ये ती काम शिकली, आणि भंगारात निघालेली ही झेन त्याच्याच मदतीने तिने एकेक नट बदलून उभी केली. या वर्गात जो पहिला येईल त्याला पुढच्या महिन्यात मोठ्या संघाच्या गाडीवर चाचणी द्यायला बोलावणं होतं. तिच्यासारखीला ते बोलावणं दुसऱ्या कुठल्या दाराने यायचं नव्हतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

तनयाची आई शालिनी शर्यतीला आली नाही. माझ्याने बघवायचं नाही, म्हणाली. सकाळी निघताना तिने गोकुळदासच्या हातात पावभाजीचा डबा दिला आणि एवढंच बोलली, "भावोजी, तुमच्या भरोशार धाडतंय." गोकुळदासने मान डोलावली होती.

"खयसून आणूचे एकतीस किलो?" तनया आता विचारत होती. घड्याळात बारा वाजून गेले होते.

सगुण डोकं खाजवत होता. वजन कमी पडलं तर म्हणून त्याने आधीच एक लोखंडी पेटी करून ठेवली होती, झाकणाची, मागच्या सीटच्या जागी चार बोल्टांनी तळाला बसवलेली, तनयाच्या पाठीपासून दीड हातावर. तिच्यात टाकायला लोखंडाच्या पट्ट्या आणायच्या तो विसरला होता. गॅरेज दहा किलोमीटर लांब, रस्ता शर्यतीसाठी अडवलेला.

आणि इथे गोकुळदासने तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं, पण ज्याची पंचवीस वर्षं खनिज वाहण्यात गेली त्याला दुसरं काय सुचणार?

"लोखंड कित्याक शोधतास?" तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेक पडलाला काय आसा ता बघ. रेवेपेक्षा दीडपट जड. पेटी भरली की झाला."

सगुणच्या डोळ्यात चमक आली. तोही ट्रकांच्या गॅरेजमधूनच वर आलेला. दोघांनी फावडं घेतलं, कडेला ट्रकांतून वर्षानुवर्षं सांडून साचलेली खनिजाची बारीक लाल माती खरवडली आणि बाल्दीने पेटीत ओतली. माती उन्हात सुकून पिठासारखी झाली होती. धुरळा उडायला लागला तसं गोकुळदासने सवयीने वर पाणी शिंपडलं. खनिज म्हटलं की पाणी शिंपडायचंच. ट्रकात भरताना शिंपडायचं, बार्जेत भरताना शिंपडायचं. पेटी चार बोटं रिकामी ठेवून त्यांनी झाकण लावलं आणि गाडी परत काट्यावर नेली.

सातशे सतरा.

मागे सहा गाड्या उभ्या होत्या आणि एकाने हॉर्नवर हात ठेवला होता. पुन्हा जाऊन माती आणायला वेळ नव्हता. गोकुळदासने सगुणला झाकण उघडायला सांगितलं, पाण्याच्या तीन बाटल्या घेतल्या आणि एकामागून एक पेटीत रिकाम्या केल्या. माती घटाघटा प्यायली. वर एक थेंब राहिला नाही. या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही; वजन कमी पडलं की पाणी मार, ही इथल्या कितीतरी ट्रकवाल्यांची जुनी युक्ती.

सातशे वीस.

साहेबांनी वाकून पेटी दोन्ही हातांनी हलवून बघितली. तसूभर हलली नाही. "आत काय आहे?"

"लोखंड," सगुण म्हणाला.

खोटं म्हणावं तर पूर्ण खोटंही नव्हतं. गोकुळदास गप्प उभा राहिला. साहेबांनी काचेवर हिरवी चिठ्ठी चिकटवली, आणि तनयाने इतक्या जोरात गोकुळदासचा हात दाबला की त्याच्या बोटांना कळ आली.

"अण्णा, तू नसतस तर आज मी घराक गेलंय असतंय," ती म्हणाली.

त्याला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. सोळा वर्षांत या पोरीला आपण काहीतरी दिलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

गाड्यांची रांग लागली. तनया पाचवी होती. रांगेत इंजिन बंद करायचं नाही असा नियम होता, आणि शर्यतीचं इंजिन काही साधं चालत नाही. झेन जागच्या जागी उभी राहून अंगात आल्यासारखी कापत होती. मदतनिसांना दोरीबाहेर काढलं. सगुण आणि गोकुळदास ताडपत्रीच्या सावलीत जनरेटरजवळ जाऊन बसले. कर्णा आणि सुटण्याच्या रेषेवरचे दिवे त्याच जनरेटरवर चालत होते, आणि तो कानठळ्या बसवत होता. काट्यावरून आल्यावर सगुणने कडेची आणखी माती खरवडून, तसंच पाणी मारून, ऑइलच्या कापलेल्या डब्यात भरून जनरेटरच्या चौकटीवर ठेवली होती, दुसऱ्या फेरीला लागलीच तर असावी म्हणून.

गोकुळदासने पावभाजीचा डबा उघडला. पाव मोडला, भाजीला लावला, आणि तोंडात घालणार तेवढ्यात त्याची नजर त्या डब्यावर गेली.

माती चकाकत होती.

त्याने मघाशी ती स्वतः थोपटून बसवली होती. घट्ट, कोरडी दिसणारी, बोट रुतणार नाही अशी. आता तिच्यावर पाण्याची तकाकी आली होती. जनरेटर थरथरत होता आणि थरथरणाऱ्या डब्यात ती माती हळूहळू एका अंगाला वाहत चालली होती, दही वाहतं तशी. गोकुळदासने बोट लावलं. बोट मुळापर्यंत आत गेलं.

त्याच्या हातातला पाव खाली पडला.

हे त्याने आयुष्यात एकदाच बघितलं होतं. ऑक्टोबरचा महिना, मोसमाची पहिलीच खेप. पावसाळाभर भिजत पडलेलं खनिज आमोण्याच्या धक्क्यावर बार्जेत भरलं होतं. निघताना डोंगर कसा घट्ट रचलेला होता. आणि इंजिनाच्या थरथरीने तासाभरात तो डोंगर बसायला लागला, सपाट झाला, आणि त्याच्यावर अशीच तकाकी आली. त्या दिवशी गोकुळदास मालावर नजर ठेवायला होता आणि कृष्णनाथ वर सुकाणूवर. पुढे खाडी रुंद झाली, लाटेने बार्ज जराशी कलली, आणि आतलं सगळं खनिज चिखल होऊन त्या एका बाजूला धावलं. बार्ज परत सरळ झालीच नाही.

बाकीचं त्याने कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

"सगुण," तो उठत म्हणाला. "सगुण, गाडी थांबव."

सगुणला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. गोकुळदासने त्याचं डोकं धरून डब्याकडे वळवलं. "ही बघ. पेटीत असाच झाला आसा. अर्धो तास गाडी थरथरता आसा."

सगुण बघत राहिला. मग म्हणाला, "पण पेटी बंद आसा, अण्णा. चिखल बाहेर खयसून येतलो?"

"बाहेर कित्याक येवक होयो? गाडी सुटली की तीस बाटल्यांचा पाणी मागे आपटतला तसो तो आपटतलो. ब्रेक मारलो की फुडे. घट्ट आसा ता वजन ओढता, सुटलाला वजन ठोसे मारता. तू तळाक बोल्ट मारलंस, खालून पत्रो लायलंस?"

सगुणने मान खाली घातली. म्हणजे लावला नव्हता. चार बोल्ट, चार वॉशर आणि वीस वर्षांच्या जुन्या गाडीचा पातळ तळ. आणि त्यापुढे दीड हातावर तनयाची पाठ.

"आता थांबवलंव तर साहेब पेटी उघडतलो," सगुण हळू आवाजात म्हणाला. "आतमधे लोखंड आसा म्हणान मी सांगलंय. तिका काढून टाकतले, अण्णा. कायमची. पंधरा सेकंदांचो प्रश्न आसा. कायएक व्हावचा नाय."

गोकुळदासने त्याच्याकडे असं बघितलं की सगुण दोन पावलं मागे सरला. कायएक व्हायचं नाही. हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. सोळा वर्षं तेच शब्द उशाला घेऊन तो झोपत होता.

रांगेत आता तनया तिसरी होती.

तो धावला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायात रबरी चपला, धावणार ते किती? दोरीपाशी पिवळ्या जाकिटातला एक दणकट मनुष्य उभा होता. गोकुळदासने त्याला सांगायचा प्रयत्न केला, आणि धापा टाकत सांगितल्यामुळे त्यातलं निम्मंच बाहेर आलं.

"वजन ओला झाला आसा. त्या लाल झेनातला. तिका थांबवा."

"वजन जालां नी तपासून?" तो मनुष्य कोंकणीत म्हणाला. "हिरवी चिठ्ठी आसा पळय. पास आसा तुजेकडेन?"

"पास नाय. ती माजी पोर आसा."

"सगल्यांचींच कोणाची तरी पोरां, काका. पास ना जाल्यार फाटीं वच."

"साहेबांका बोलवा. पुण्याच्या."

"सायब तकडेन रेशेर आसात. शर्यत सोंपतकच येतले."

दोन गाड्या किंचाळत सुटल्या आणि पुढचं सगळं बोलणं त्या आवाजात बुडालं. गोकुळदास त्याच्या तोंडासमोर हात हालवत राहिला. त्या मनुष्याने त्याला खांद्याला धरून, अगदी सभ्यपणे, मागे केलं. गोकुळदासने हात जोडले. आयुष्यात देवासमोरही त्याने इतक्या कळवळून हात जोडले नसतील, पण समोरच्याला वाटलं की पोरीच्या काळजीने म्हाताऱ्याचा धीर सुटलाय. त्याने गोकुळदासच्या पाठीवर थोपटलं.

तनयाची गाडी रेषेवर गेली. शेजारी म्हापशाच्या कुणाची तरी निळी गाडी आली. खांबावरचा पहिला पिवळा दिवा लागला.

गोकुळदास ओरडला, घसा फाटेपर्यंत ओरडला, पण कर्णा, जनरेटर, दोन इंजिनं आणि दोन-तीनशे माणसं यांच्यापुढे त्याचं ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. काही सुचेना. आणि मग कानात भरून राहिलेल्या त्या एवढ्या गोंगाटातूनच त्याला सुचलं. त्याने पाठ फिरवली आणि ताडपत्रीखाली शिरला.

डिझेलवरचं इंजिन कसं बंद करायचं हे बार्जवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. त्याने जनरेटरचा दांडा पकडला आणि खेचला. जनरेटर दोन आचके देऊन गप्प झाला. कर्णा मधल्या शब्दात तुटला. खांबावरचे दिवे विझले.

कोणीतरी लाल झेंडा फडकावला. लोक ओरडू लागले. जनरेटरवाला शिव्या देत धावत आला, आणि गोकुळदास दोरीखालून वाकून रस्त्यावर गेला. पिवळ्या जाकिटातला मनुष्य त्याच्यामागे धावला. झेनच्या खिडकीला गोकुळदासने एका हाताने धरलं तेव्हा दुसरा हात त्या मनुष्याच्या मुठीत होता.

तनयाने हेल्मेटची काच वर केली. डोळे आग ओकत होते.

"अण्णा, बाजूक हो."

"गाडी बंद कर, बाय. पेटीतली माती पातळ झाली आसा. ब्रेक मारशीत तेव्हा तुज्या पाठीर येतली."

"पेटी घट्ट आसा. मी सोता ओढून बघलंय, साहेबांनी बघलां." ती हेल्मेटच्या आतून ओरडत होती. "दोन वर्सां, अण्णा. दोन वर्सां मी ह्या दिसाची वाट बघलंय. तुका भिया वाटता तर घराक जा. माका सोड."

ताडपत्रीखाली जनरेटर खोकला. एकदा, दोनदा. अजून लागला नव्हता. जाकिटवाला त्याला ओढत होता आणि गोकुळदासची बोटं खिडकीच्या कडेवरून सुटत चालली होती. डबा तिकडेच राहिला होता. दाखवायला हातात काही नव्हतं. या पोरीला पटेल असं त्याच्याजवळ एकच होतं, आणि ते त्याने सोळा वर्षं दातांखाली धरून ठेवलं होतं. मरेपर्यंत ठेवणार होता.

"मी ह्या बघलंय," तो म्हणाला. "बार्जेत. तुजो बापूस गेलो त्या दिसा. माती अशीच चकाकली. मी बघलंय, तनया."

तनयाचा गिअरवरचा हात मागे आला.

"तुज्या बापाशीन वरसून माका इचारल्यान, अण्णा, माल कसो आसा? माका वाटला वरचा पाणी असात. थांबलंव तर खेप चुकतली, लोक हसतले. मी सांगलंय, बरो आसा, कायएक व्हावचा नाय. माज्या सांगण्यार तो फुडे गेलो."

जनरेटर लागला. कर्णा पुन्हा बोलू लागला, खांबावरचा पिवळा दिवा भपकन पेटला. तनया गोकुळदासकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी ती बघत होती. इंजिन तसंच कापत होतं. मग तिने किल्ली फिरवली.

शेजारची निळी गाडी एकटीच सुटली आणि जिंकली.

साहेब आले तेव्हा झेन ढकलत कडेला नेली होती. सगुणने झाकणाचे स्क्रू काढले. घाईत एक स्क्रू त्याच्याकडून दोनदा पडला. झाकण उघडलं, आणि आत चार बोटं लाल पाणी होतं. साहेबांनी हात घातला, तो सरळ तळाला गेला. मग त्यांनी गाडीखाली वाकून बोल्ट बघितले. चारही बोल्टांच्या भोवती तळाचा पत्रा नुसत्या थरथरीने आताच पिचायला लागला होता.

हात पुसत ते उठले. बोलले तेव्हा आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"वजन म्हणजे अखंड लोखंड. एका जागेला पडून राहणारं. शक्य तितकं खाली. आरपार बोल्ट, आणि तळाच्या खालून तळहाताएवढी, जाड प्लेट. त्यातलं एकही तुम्ही केलेलं नाही." ते सगुणकडे वळले. "आणि तुम्ही मला लोखंड म्हणून सांगितलंत."

"मी सांगलंय तेका," गोकुळदास म्हणाला. "मातीची अक्कल माजी. पाणीव मी ओतलंय."

"ज्याचं असेल त्याचं असो. या मोसमात ही गाडी उतरणार नाही." त्यांनी काचेवरची हिरवी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. जाता जाता तनयाजवळ थांबले. "ब्रेक मारला असतात तर ही पेटी तुमच्या पाठीत आली असती. डावीकडे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

तनयाने मान हलवली. तिने डावीकडे, त्या हिरव्या पाण्याकडे, बघितलं नाही.

झेन सगुणच्या टेम्पोवर चढवून बांधेपर्यंत ऊन कललं होतं. तनयाने सगळ्या गाठी स्वतः मारल्या आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघितली. गोकुळदास लांब उभा होता. आपण चालत जावं, असं त्याच्या मनात होतं. आमोणं तिथून काही फार लांब नव्हतं, आणि असतं तरी काय? त्या पोरीच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.

टेम्पो सुरू झाला. तनयाने दार उघडून धरलं.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. सगुण गाडी चालवत होता, मध्ये तनया, कडेला गोकुळदास. नदी दिसायला लागली तेव्हा तनया समोरच बघत म्हणाली, "बाबान दोनदा इचारल्यान की एकदा?"

गोकुळदासला वाटलं नव्हतं की ती हे विचारेल. त्याला हेही वाटलं नव्हतं की याचं उत्तर आपल्याला इतकं स्पष्ट आठवत असेल.

"दोनदा," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून घेतले. गोकुळदासला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. त्याने हात उचलला नाही.

"आज तू थांबवलंस म्हणान मी जिती आसय," ती म्हणाली. "ता मी इसरूचंय नाय. पण दुसराव माका इसरूक येवचा नाय. आणि आवशीक तू सांगतलंस, अण्णा. आजच. मी सांगूचंय नाय."

"व्हय," तो म्हणाला.

शालिनी अंगणातच उभी होती. टेम्पोवरची झेन धड आहे, पोरगी धड आहे, हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. तनया खाली उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. इतकी घट्ट पडली की शालिनी हसायलाच लागली.

"अगो, काय झाला? पयली इली?"

"नाय," तनया म्हणाली, आणि मान खाली घालून घरात गेली. उंबऱ्याच्या आत जाऊन थांबली. पुढे गेली नाही.

शालिनीने बाहेरून आलेल्या माणसाला द्यायचा म्हणून भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि गोकुळदासपुढे धरला. सोळा वर्षं तो नदीवरून, धक्क्यावरून, कुठूनही आला की ती असाच तांब्या पुढे धरायची.

"हरली काय ती? हरली तर हरली, भावोजी. तुमी तिका धड घराक आणलास, माका सगळा पावला."

घसा सुकून गेला होता. ओरडून ओरडून आतून सोलवटला होता. गोकुळदासने तांब्याकडे बघितलं आणि हात मागे बांधले.

"पाणी नंतर दी, शालिनी," तो म्हणाला. "कृष्णनाथान त्या दिसा माका एक इचारल्यान होता. ता आधी आयक. मगे देवचा की नाय ता तू ठरय."